हॉलिवूडचे सुरुवातीचे आपत्तिपट: वैविध्य आणि प्रतिनिधित्व यांचा अभ्यास कसा करावा

भूकंप, आग, वादळ किंवा महापूर यांवर बेतलेला चित्रपट आपण सहसा तांत्रिक करामतींसाठी पाहतो आणि इमारती कशा कोसळल्या याचीच चर्चा करतो. प्रतिनिधित्वाच्या अभ्यासाला मात्र हा प्रकार अतिशय सोयीचा आहे. प्रेमकथा दोन माणसांची असते, त्यामुळे तीत तिसरा कोणी का नाही असा प्रश्न विचारता येत नाही. आपत्तिपट मात्र संपूर्ण शहरावर किंवा बेटावर संकट कोसळले असे स्वतःच सांगतो, आणि मग त्या शहरात खरोखर राहणारी कोणती माणसे पडद्यावर आली, कोणती आली नाहीत, हे तपासण्याचा हक्क प्रेक्षकाला मिळतो. हा लेख त्या तपासणीची पद्धत मांडतो. फिल्म सोसायटीत चर्चा घडवणाऱ्यांना, चित्रपटविषयक लेखन करणाऱ्यांना आणि महाविद्यालयीन प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती थेट वापरता यावी, अशा बेताने पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी: चित्रपटांची निवड

सुरुवातीच्या काळातले सगळे आपत्तिपट पाहण्याच्या फंदात पडू नये. तीन ते पाच चित्रपट पुरेत, परंतु त्यांची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे. खऱ्या घटनेवर आधारलेले दोन, अमेरिकेबाहेर घडणारे दोन आणि तुलनेसाठी एक, अशी जुळणी मला सर्वांत उपयुक्त वाटते.

खऱ्या घटनांसाठी एमजीएमचा ‘सॅन फ्रान्सिस्को’ (१९३६) आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा ‘इन ओल्ड शिकागो’ (१९३८) घ्यावेत. पहिल्यात १९०६ चा भूकंप आहे, दुसऱ्यात १८७१ ची शिकागोची आग. अमेरिकेबाहेरच्या कथांसाठी जॉन फोर्ड दिग्दर्शित ‘द हरिकेन’ (१९३७) आणि क्लॅरेन्स ब्राऊन दिग्दर्शित ‘द रेन्स केम’ (१९३९) निवडावेत; पहिला फ्रेंच पॉलिनेशियातील एका काल्पनिक बेटावर घडतो, तर दुसरा भारतातील रांचीपूर नावाच्या काल्पनिक संस्थानात. तुलनेसाठी ‘द ग्रीन पाश्चर्स’ (१९३६) ठेवावा, कारण नोआच्या जलप्रलयासह बायबलमधील कथा सांगणाऱ्या या चित्रपटातील सर्व भूमिका कृष्णवर्णीय कलाकारांनी केल्या आहेत. आणखी मागे जायचे असल्यास मायकेल कर्टिझचा ‘नोआज आर्क’ (१९२८) आणि न्यूयॉर्कचा विध्वंस दाखवणारा ‘डेल्यूज’ (१९३३) आहेत. सेन्सॉरशिपची कडक अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीचे म्हणून हे दोन्ही उपयोगी पडतात, पण पहिल्या फेरीत त्यांची गरज नाही.

दुसरी पायरी: चित्रपटाआधी घटनेचा अभ्यास

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच अभ्यास फसतो. त्या ठिकाणी प्रत्यक्षात कोण राहत होते हे माहीत नसेल, तर पडद्यावर कोण नाही हे कळणार कसे? म्हणून चित्रपट पाहण्याआधी घटनेविषयी एक पानभर टिपण तयार करावे. त्यात तारीख, मृतांची संख्या, शहरातील प्रमुख समाज, त्यांच्या वस्त्या आणि आपत्तीनंतर कोणाला काय भोगावे लागले, एवढ्या गोष्टी असाव्यात.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण घेऊ. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला आणि त्यानंतर लागलेल्या आगींनी कित्येक दिवस शहर जाळले. मृतांचा सुरुवातीचा अधिकृत आकडा काही शेकड्यांतच होता. पुढे शहराच्या ग्रंथपाल ग्लॅडिस हॅन्सन यांनी अनेक वर्षे नोंदी तपासून तो फारच कमी असल्याचे दाखवले, आणि आज मृतांची संख्या ३,००० च्या आसपास मानली जाते. १९०० च्या जनगणनेनुसार शहरात सुमारे १४ हजार चिनी लोक होते, त्यांची वस्ती आगीत पूर्ण नष्ट झाली, आणि तिथले मृत सुरुवातीच्या मोजणीत जवळजवळ आलेच नाहीत. ही वस्ती शहराच्या मध्यभागातून हलवून दक्षिणेकडील हंटर्स पॉइंट येथे नेण्याचा घाट काही पुढाऱ्यांनी घातला होता. चीनच्या राजनैतिक प्रतिनिधींचा विरोध आणि व्यापार बुडण्याची भीती यांमुळे तो फसला आणि वस्ती मूळ जागीच पुन्हा उभी राहिली. आगीत जन्मनोंदींची दप्तरेही जळाली. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याखाली भरडल्या गेलेल्या अनेकांना त्यामुळे आपला जन्म अमेरिकेतच झाल्याचा दावा करता आला, आणि त्या आधारे कुटुंबीय म्हणून इतरांना देशात आणता आले. एवढे नाट्य त्या राखेत होते.

हे टिपण हाताशी ठेवून चित्रपट लावावा. क्लार्क गेबलने रंगवलेला मद्यालयाचा मालक, जेनेट मॅकडोनाल्डची गायिका, स्पेन्सर ट्रेसीचा कॅथलिक धर्मगुरू आणि नॉब हिलवरचे धनिक कुटुंब यांच्याभोवती सारी कथा फिरते. मुख्य पात्रांत एकही चिनी माणूस नाही. चित्रपट संपतो तो वाचलेल्या लोकांच्या समूहगानाने आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या शहराच्या दृश्याने. या शेवटात ‘आपले शहर’ म्हणताना ‘आपले’ कोण, हा प्रश्न टिपण केलेल्या प्रेक्षकालाच सुचतो.

तिसरी पायरी: पाहताना भरायचा तक्ता

चित्रपट दोनदा पाहावा, पहिल्यांदा सलग आणि दुसऱ्यांदा थांबत थांबत. दुसऱ्या वेळी वहीत तक्ता आखावा. प्रत्येक गौरेतर किंवा स्थलांतरित पात्रासाठी एक ओळ ठेवून त्यात या गोष्टी नोंदवाव्यात: पात्राला नाव आहे का, ते बोलते का, आणि बोलत असल्यास कोणाशी, त्याचा व्यवसाय काय, त्याला स्वतःची इच्छा किंवा निर्णय आहे का, आपत्तीपूर्वी ते शेवटचे कधी दिसले आणि आपत्तीनंतर पुन्हा दिसले का, ते कोणाला वाचवते आणि त्याला कोण वाचवते. प्रत्येक नोंदीपुढे चित्रपटातील वेळ लिहावी, म्हणजे चर्चेत कोणी हरकत घेतली तर ते दृश्य लगेच काढून दाखवता येते.

या सगळ्यांत आपत्तीनंतरचा रकाना सर्वांत बोलका असतो. त्या काळच्या या चित्रपटांत प्रत्यक्ष आपत्ती बहुधा शेवटच्या भागात येते. ‘सॅन फ्रान्सिस्को’ची लांबी सुमारे ११५ मिनिटे आहे आणि भूकंपासाठी प्रेक्षकाला बराच वेळ थांबावे लागते. तोवर पार्श्वभूमीला वावरणारे नोकर, हमाल, गायक आणि फेरीवाले आपल्याला ओळखीचे झालेले असतात. धूळ खाली बसल्यावर कॅमेरा कोणाला शोधतो आणि कोणाची चौकशीही करत नाही, याची नोंद घेतली की चित्रपटाच्या लेखी कोणाच्या जिवाला किती किंमत आहे ते समजते. नुसती डोकी मोजून मात्र थांबू नये. गर्दीच्या दृश्यात शंभर स्थानिक चेहरे असूनही एकालाही वाक्य नाही, असे सर्रास घडते.

चौथी पायरी: श्रेयनामावली आणि रंगभूषा

पात्रांचा तक्ता झाला की कलाकारांचा तक्ता करावा. पात्राचा समाज एका रकान्यात आणि कलाकाराचे जन्मस्थान व पार्श्वभूमी दुसऱ्या रकान्यात, एवढीच त्याची रचना. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या ऑनलाइन सूचीत त्या काळच्या चित्रपटांची कलाकारयादी आणि निर्मितीविषयक टिपणे विनामूल्य मिळतात, त्यामुळे हे काम अवघड नाही.

मराठी वाचकाने ही पायरी ‘द रेन्स केम’वर करून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवीन. लुई ब्रोमफिल्ड यांच्या १९३७ च्या कादंबरीवरून हा चित्रपट झाला, आणि त्यातील रांचीपूर संस्थान बडोद्यावर बेतलेले आहे असे मानले जाते. म्हणजेच पडद्यावर दिसणारे सुधारणावादी महाराज आणि करारी महाराणी यांच्यामागे सयाजीराव गायकवाड तिसरे आणि चिमणाबाई दुसऱ्या यांची छाया आहे. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणारे सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्ये निवर्तले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या.

आता कलाकारांचा रकाना भरू. महाराणी झाली आहे रशियात जन्मलेली मारिया उस्पेन्स्काया. महाराज झाले आहेत लंडनमध्ये जन्मलेले एच. बी. वॉर्नर. बॅनर्जी नावाचे पात्र व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ शिल्डक्राउटने केले आहे. कथेचा नायक, डॉक्टर मेजर रामा सफ्ती, म्हणजे ओहायोतील सिनसिनाटीत जन्मलेला टायरन पॉवर, फेटा बांधून आणि त्वचा सावळी करून. निम्मे युरोप रांचीपुरात अवतरले आहे. भारतीयांच्या वाट्याला त्यातली एकही मोठी भूमिका आलेली नाही.

याच टायरन पॉवरने आदल्या वर्षी, त्याच स्टुडिओच्या ‘इन ओल्ड शिकागो’मध्ये आयरिश स्थलांतरित कुटुंबातील मुलाची भूमिका केली होती. एका वर्षात तोच चेहरा आयरिशही होऊ शकला आणि भारतीयही. उलट दिशेचा प्रवास कोणाला करता आला, हे शोधायला गेल्यास हात रिकामेच राहतात. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची अभिनेत्री ॲना मे वाँग हिचा अनुभव इथे पडताळून पाहावा. दुष्काळ आणि टोळधाड यांची प्रभावी दृश्ये असलेल्या ‘द गुड अर्थ’ (१९३७) मध्ये चिनी शेतकरणीची मुख्य भूमिका तिला हवी होती. ती गेली जर्मनीत जन्मलेल्या लुइझे राइनरकडे, आणि राइनरला त्यासाठी ऑस्करही मिळाले. वाँगपुढे खलप्रवृत्तीच्या दुसऱ्या स्त्रीची भूमिका ठेवण्यात आली, तेव्हा तिने नकार दिला.

पाचवी पायरी: नियमावलीशी पडताळा

हे सारे केवळ निर्मात्यांच्या पूर्वग्रहातून घडले असे लिहून मोकळे होऊ नये, कारण त्यामागे छापील नियम होते. अमेरिकी चित्रपट उद्योगाने १९३० मध्ये स्वतःसाठी निर्मितिसंहिता स्वीकारली, आणि जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत तिची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांच्यातील लैंगिक संबंध दाखवण्यास तीत स्पष्ट मनाई होती. शब्द या दोनच वंशांपुरते असले, तरी व्यवहारात आशियाई आणि इतर पात्रांच्या बाबतीतही तीच सावधगिरी पाळली गेली. गंमत अशी की इतर राष्ट्रांचा इतिहास, संस्था आणि नागरिक यांचे चित्रण न्याय्य असावे, असेही कलम याच संहितेत होते.

नियमावली शेजारी ठेवून ‘द रेन्स केम’चा शेवट पाहावा. इंग्रज लेडी एडविना आणि डॉ. सफ्ती यांचे प्रेम चित्रपट पुष्कळ सहानुभूतीने रंगवतो. भूकंप होतो, धरण फुटते, मग साथ पसरते. एडविना रुग्णसेवेला लागते, रुग्णाने वापरलेल्या पेल्यातून चुकून पाणी पिते आणि मरते. सफ्ती राज्याचा वारस होतो. ज्या नात्याला कथेत पुढे जागा देता येत नव्हती, ते आपत्तीने आणलेल्या साथीनेच निकालात काढले. माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटांत आपत्तीचे खरे काम इथे दिसते: नियमाने घातलेली बंधने ती निसर्गाच्या नावावर खपवते. म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा, आपत्तीने कोणते सामाजिक अडचणीचे नाते किंवा प्रश्न सोडवून टाकला याचा.

याच कथेवर १९५५ मध्ये ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’ निघाला. पडदा रुंद झाला, रंग आले, आणि सफ्ती झाला वेल्सचा रिचर्ड बर्टन, पुन्हा रंगभूषेसह. या वेळी एडविना मरत नाही, नवऱ्याबरोबर निघून जाते. गौरवर्णीय-कृष्णवर्णीय संबंधांना मनाई करणारे संहितेतले कलम १९५६ मध्ये वगळले गेले. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहण्यासारखी दुसरी शिकवणी नाही.

सहावी पायरी: सहानुभूती आणि अधिकार वेगळे मोजणे

‘द हरिकेन’ अभ्यासकाला गोंधळात टाकतो, आणि म्हणूनच तो यादीत हवा. टेरांगी हा बेटवासी खलाशी ताहितीत आपला अपमान करणाऱ्या गौरवर्णीय माणसाला ठोसा मारतो आणि सहा महिन्यांच्या तुरुंगवासाला जातो. पुन्हा पुन्हा पळण्याच्या प्रयत्नांमुळे ती शिक्षा कित्येक वर्षांपर्यंत वाढत जाते. फ्रेंच गव्हर्नर कायद्याच्या नावाखाली दयामाया नाकारतो. वसाहतवादी न्यायाची इतकी उघड झाडाझडती १९३७ च्या हॉलिवूडमध्ये दुर्मीळच. टेरांगी वादळात गव्हर्नरच्या पत्नीचा जीवही वाचवतो.

तरीही कलाकारांचा तक्ता आपले म्हणणे सोडत नाही. टेरांगी झालेला जॉन हॉल कॅलिफोर्नियात जन्मला होता आणि त्याची पत्नी झालेली डोरोथी लामूर न्यू ऑर्लिन्सची. होनोलुलूत जन्मलेली, हवाई वंशाची मामो क्लार्क याच चित्रपटात आहे, पण दुय्यम भूमिकेत. शिवाय शेवट पाहावा. बेटावरचे बहुसंख्य लोक वाहून जातात, त्यांतल्या फारच थोड्यांची नावे आपल्याला कळलेली असतात. होडीतून जाणारे टेरांगीचे कुटुंब गव्हर्नरला दुर्बिणीतून दिसते, आणि तो लाकडाचा ओंडका असल्याचे सांगून त्यांना जाऊ देतो. सुटका टेरांगीची होते, पण मनाचा बदल, निर्णय आणि मोठेपणा गव्हर्नरच्या वाट्याला जातो. लेखनात ‘चित्रपट स्थानिकांच्या बाजूचा आहे’ आणि ‘कथेतील अधिकार स्थानिकांकडे आहे’ ही दोन विधाने स्वतंत्रपणे तपासावीत. पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते.

सातवी पायरी: गौरवर्णीयांतील उतरंड आणि कृष्णवर्णीय कलाकार

सगळे गौरवर्णीय एकाच रकान्यात टाकणे ही सहज होणारी चूक आहे. १८७१ च्या आगीत सुमारे ३०० माणसे मेली, एक लाखाच्या आसपास बेघर झाली, आणि ठपका आला कॅथरीन ओ’लीरी या आयरिश स्थलांतरित बाईवर, तिच्या गाईने कंदील लाथाडला या वदंतीमुळे. आयरिश कॅथलिकांविषयीचा तिटकारा त्या वदंतीला खतपाणी घालत होता. शिकागोच्या नगर परिषदेने तिला अधिकृतपणे दोषमुक्त केले ते १९९७ मध्ये. ‘इन ओल्ड शिकागो’ने गाय आणि कंदील तसेच ठेवले, पण बाईचे नाव मॉली केले आणि तिला कष्टाळू, ताठ कण्याची, शहराच्या भवितव्यावर श्रद्धा असलेली आई बनवले. ॲलिस ब्रॅडीला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. तिरस्कृत समाज कालांतराने ‘आपल्यात’ कसा घेतला जातो, त्याचा हा नमुना आहे. त्याच चित्रपटात मादाम सुल-ते-वान या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला हॅटी नावाच्या मोलकरणीची भूमिका आहे. आयरिश आईला शहराची माउली होता आले, हॅटीला मात्र मालकिणीच्या खोलीबाहेरचे आयुष्य दिलेले नाही.

‘द ग्रीन पाश्चर्स’मध्ये एडी अँडरसनचा नोआ आणि रेक्स इंग्रॅमचा परमेश्वर आहे. पूर्ण कृष्णवर्णीय कलाकारसंच हे त्या काळी मोठे पाऊल होते. पण मूळ लेखक गौरवर्णीय आणि धार्मिक कृष्णवर्णीयांचे चित्र भाबडे, हीही वस्तुस्थिती आहे. संख्येने भरलेला रकाना दर्जाची हमी देत नाही, याचे उदाहरण म्हणून तो वापरावा.

२९ फेब्रुवारी १९४० च्या ऑस्कर समारंभाची नोंदही इथेच करावी. स्पेशल इफेक्ट्ससाठी स्पर्धात्मक पारितोषिक त्या रात्री प्रथमच दिले गेले आणि ते ‘द रेन्स केम’ला मिळाले. त्याच रात्री ‘गॉन विथ द विंड’मधील भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली, आणि तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसावे लागले.

आठवी पायरी: त्या काळचे आक्षेप शोधणे

‘त्या काळी असेच चालायचे, आजच्या मोजपट्ट्या लावू नका’ असा आक्षेप चर्चेत हमखास येतो. त्याला वाद घालून उत्तर देण्यापेक्षा त्या काळचाच कागद दाखवावा. मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीवर तेव्हाची चित्रपट-नियतकालिके मोफत वाचता येतात. लॉस एंजेलिसचे ‘कॅलिफोर्निया ईगल’ आणि शिकागोचे ‘डिफेंडर’ ही कृष्णवर्णीय समाजाची वृत्तपत्रे होती, तर सॅन फ्रान्सिस्कोत ‘चुंग साय यात पो’ हे चिनी दैनिक १९०० पासून निघत होते. आपल्याकडे ‘द ड्रम’ या ब्रिटिश साम्राज्यपटाविरुद्ध १९३८ मध्ये मुंबईत निदर्शने झाली होती. तो आपत्तिपट नाही; पण आपले चित्रण कसे होते याकडे मुंबईचा प्रेक्षक त्याच वर्षांत डोळे उघडे ठेवून पाहत होता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

नववी पायरी: लेखन

तक्ते आणि टिपणे तयार झाल्यावर लेखाची सुरुवात निष्कर्षाने करू नये. एका दृश्यापासून आरंभ करावा, त्याची वेळ द्यावी, त्यातील माणसांची नावे आणि कलाकारांची नावे द्यावीत, आणि मग घटनेच्या टिपणाशी त्याची गाठ घालावी. चित्रपटाला ‘वर्णद्वेषी’ किंवा ‘पुरोगामी’ असे एकच लेबल लावण्याचा मोह टाळावा. ‘द हरिकेन’सारख्या चित्रपटाचे त्याने नुकसानच होते. अनुपस्थितीबद्दल लिहिताना पुरावा अधिक काटेकोर हवा. ‘चिनी लोक दिसत नाहीत’ असे लिहिण्याऐवजी ‘नाव असलेले आणि कथानकात निर्णय घेणारे चिनी पात्र नाही’ असे लिहिले, तर गर्दीतला एखादा चेहरा दाखवून कोणी ते विधान खोडू शकणार नाही. आणि श्रेयनामावलीत नाव नसलेल्या कलाकारांची माहिती वापरताना ती किमान दोन ठिकाणी पडताळून घ्यावी, कारण नाव न छापलेल्यांच्या बाबतीत नंतरच्या याद्यांत चुका फार असतात.